टोन ऐतल्ला

मगदुमांच्या अडतीत वरच्या खोलीला खिडकी एकच,
तीही वखारीकडे उघडणारी.
मिरचीचा सीझन. जो वर येईल तो आधी शिंकेल, मग बोलेल.
वर्धमान जर्मनीहून आला होता वडिलांच्या ऑपरेशनसाठी,
आणि सोमवार उजाडायच्या आत स्टुटगार्टला काहीतरी पोचवायचं होतं,
नाहीतर नोकरीचं काही खरं नव्हतं.
काय, ते त्यानं सांगितलं नाही.
मी जमाखर्च लिहिणारी बाई, मीही विचारलं नाही.

लॅपटॉप काळा, पाटाएवढा जाड,
वाय आणि झेडची त्यात अदलाबदल.
वायरीच्या टोकाला असला काही खुंटा
की आमच्या फोनच्या डबीत शिरेना.
इराप्पा लाइनमननं तो कापून काढला,
दातानं वायर सोलली,
तांब्याच्या दोन तारा स्क्रूंना पिळल्या.
"आता बघा वो."

मशीननं बघितलं. मशीन म्हणालं, टोन नाही.

इराप्पानं रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला,
मग माझ्या, मग वर्धमानच्या.
तोच आपला घरघरता आवाज,
दुपारी पोत्यांवर आडव्या झालेल्या हमालासारखा.
"ऐतल्ला री," इराप्पा मशीनच्या तोंडाशी वाकून म्हणाला,
"टोन ऐतल्ला!"
टोन नाही.
सात वेळा नाही.

तिकडचा टोन सरळ असतो, वर्धमान म्हणाला,
शिट्टीसारखा, एका सुरात. आपला थरथरतो.
ह्याला वाटतं, हा फोनच नव्हे.
इराप्पाला ते लागलं.
"संकेश्वरचा टोन काय वाईट हाय?"

मला मात्र अक्की आठवली.
लग्न होऊन आले त्या आठवड्यात
सासूबाई चुलीपासून ओरडल्या, अक्की तगोंडु बा,
आणि मी धावत जाऊन थोरल्या जाऊबाईंना घेऊन आले.
आधण उकळतंय, अक्का हात पुसत उभ्या,
तांदूळ डब्यातच.
नंतर कितीतरी महिने
शब्द ओळखीचा निघेपर्यंत मी दारात थांबायची.
मग एक दिवस थांबले नाही.
हाक आली तशी सुपात तांदूळ घेऊन गेले.
त्या दिवशी त्यांना मीठ हवं होतं.

रात्री नऊला वर्धमानला वहीत सापडलं:
एटी, एक्स, तीन.
म्हणजे टोनची वाट बघू नकोस,
ऐकू येवो न येवो, नंबर फिरव.
"आणि टकटक घाला," इराप्पा म्हणाला,
"आमचं एक्सचेंज जुनं हाय, त्याला बटनं कळत न्हाईत."

टक्‌टक्‌टक्‌. शून्याला दहा. आठाला आठ.
इराप्पा बोटांवर मोजत होता,
शून्य आठ तीन एक, बेळगाव,
पुढचे आकडे ओठांतल्या ओठांत.
जरा वेळ काहीच नाही.
मग पलीकडून कुणीतरी किंचाळलं.
आमचंही किंचाळलं.
खरखर, फुसफुस, घशात काटा अडकल्यासारखं.
"भांडूलालेत," इराप्पा म्हणाला.
वर्धमान म्हणाला, वेग ठरवतायत.
हां, म्हटलं, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात तसं.
आणि ठरला. गप्प झाले दोघं.

निम्मं गेलं होतं
तेवढ्यात खाली कल्लाप्पानं फोन उचलला,
ब्याडगीचा भाव विचारायला.
सगळं गेलं.
पुन्हा पहिल्यापासून. टक्‌टक्‌.
ह्या वेळी मी खाली गादीवर बसले,
रिसीव्हरवर हात ठेवून,
कुणाला शिवू दिलं नाही.
हाताखाली काही हलत नव्हतं, तरी जातंय एवढं माहीत होतं.

पावणेबाराला वरून वर्धमान शिंकला,
आणि हसला.

खुंटा इराप्पाच्या खिशात गेला.
नोकरी राहिली का, मला कळलं नाही.
पुढच्या महिन्यात बिल आलं, कन्नडमधलं,
मी ते खतावणीत मराठीत उतरवलं.
आधी लिहिलं, फोन, परदेश.
मग खोडून लिहिलं,
फोन, बेळगाव.