उचंत खातं

आधी ती बँक नव्हतीच.
यूओझास शिमोलियूनासच्या गुत्त्यामागची खोली होती,
बिअरचं रिकामं पिंप, त्यावर फळी,
फळीवर सिगारचा डबा.
शनिवारी कत्तलखान्यातून माणसं थेट तिथंच यायची,
हात धुतलेले, तरी नखांच्या कडा लाल,
आणि आठवड्याचे पंचवीस सेंट ठेवून जायची
घरासाठी.
नोटांना चरबीचा वास यायचा म्हणे.
मी लागले तेव्हाही, साठ साली, तिजोरी उघडली की
क्षणभर यायचा.

शिकागो तेव्हा दर आठवड्याला एका गल्लीनं लांबत होतं.
पहिलं कर्ज पेत्रोनेलेला, नवरा बर्फघरात गेला तिचा.
पंचवीस फूट रुंद जागा, लाकडी घर, अकरा भाडेकरू:
रात्रपाळीवाले उठले की
त्याच उबदार गाद्यांवर दिवसपाळीवाले.
तिनं नऊ वर्षांत फेडलं.
शेवटच्या हप्त्याला फळीवर एक कोबीही ठेवून गेली,
आणि डोमिनिकासनं तो किर्दीत जमा धरला.

डोमिनिकास यानुलिस, हिशेबनीस,
सेमिनरीतून पळालेला;
दर पानाच्या माथ्यावर बारीक क्रूस, मग तारीख, मग आकडे.
सव्वीसच्या मार्चमध्ये त्याचा मेळ बसला नाही.
अकरा सेंट जास्त.
कमी असते तर त्यानं खिशातून घातले असते,
जास्तीचं काय करायचं?
कुणाचे तरी होते.
त्यानं ते उचंत खात्यात टाकले
आणि पुढच्या पानावर ओढले.
आणि पुढच्या.

तोवर दगडी इमारत झाली होती, चार खांब,
खांब आतून पोकळ, हे फक्त आम्हाला ठाऊक.
बत्तीस साली रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली.
आधी माणशी दहा डॉलर दिले, मग पाच,
मग दार ओढून घेतलं.
दोन वर्षं लोकांनी आपली पासबुकं
कोपऱ्यावरच्या खाटकाला विकली,
डॉलरला चाळीस सेंट.
दार पुन्हा उघडलं तेव्हा खाटीक संचालक झाला.
त्याचं तैलचित्र मी रोज पुसायची.
बंद बँकेतही डोमिनिकास सोमवारी यायचा, कोट न काढता
अकरा सेंट पुढे ओढायचा.

माझ्या काळात सगळं बरं चाललं होतं.
साडेचार टक्के व्याज, नाताळला कॅलेंडर,
नव्या खात्याला टोस्टर.
शहर आता दुसऱ्या अंगानं वाढत होतं;
आमच्या लोकांची कर्जं उपनगरांतल्या गॅरेजवाल्या घरांची.
संचालकांच्या खोलीत एक नकाशा होता,
रेल्वेरुळांच्या पलीकडे पेन्सिलीनं तिरक्या रेघा.
कुणी काही बोलायचं नाही.
बोलावं लागायचंच नाही.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात
एपिफानिओ सारातं माझ्या खिडकीपाशी आला.
त्याच कत्तलखान्यात, त्याच पाळीवर,
चौदा वर्षं खाती असलेला माणूस.
कॉफीच्या डब्यात आगाऊ रक्कम, नीट मोजून, रबर लावून.
मुलीला बोलायला सोबत आणलेलं,
ती काउंटरला हनुवटी टेकवून उभी.
तिनं विचारलं, घरकर्जाचा अर्ज मिळेल का.
मी म्हटलं, अर्ज संपलेत.
तिनं ते बापाला सांगितलं.
त्यानं मान हलवली, मला धन्यवाद म्हटलं
आणि त्या दिवशीचे सात डॉलर
नेहमीसारखे बचतीत भरले.

अठ्ठ्याऐंशीत मोठ्या बँकेनं आम्हाला गिळलं.
एक तरुण हिशेबतपासनीस आला, फार सभ्य.
त्यानं विचारलं, हे अकरा सेंट काय आहेत?
मी सांगितलं. तो हसला, खरंच आवडलं त्याला,
आणि एका रेघेनं ते निर्लेखित केले.
बासष्ट वर्षं.
मी टेबल आवरायला घेतलं.

अर्ज होते.
खालच्या खणात, सुतळीनं बांधलेले,
साठेक तरी.