शून्य गुण

लिएपायाच्या शाळेत बॉयलरच्या खोलीशेजारी
मला एक टेबल दिलं होतं, दोन खुर्च्या,
नऊ ठोकळे, लाल, पांढरे, अर्धेअर्धे,
आणि एक स्टॉपवॉच.
त्याची टिकटिक मुलांना ऐकू जाऊ नये
म्हणून मी ते मांडीवर रुमालात गुंडाळून धरायची.

फेब्रुवारीत एकाच दिवशी दोघं आली.

आधी राइवो. बुटांना बर्फ, नाक वाहतंय.
कार्डावरची नक्षी जुळव म्हटलं,
अकरा सेकंदांत जुळवली.
मग ठोकळे फिरवून फिरवून
बाजूंवरही तीच उमटवली,
जी कुणी मागितली नव्हती,
जिच्यासाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता.
संत्रं आणि केळं, विचारलं, दोघांत सारखं काय?
"दोन्ही आमच्या दुकानात मिळत नाहीत."
नियमाप्रमाणे शून्य.
तरी आकडा आला एकशे अडतीस.
गणितात पाचपैकी दोन.
वही उघडली तर पहिल्या पानावर तारीख
आणि पुढे सगळा बर्फच.

मग झिंत्रा.
उलटे आकडे चारपर्यंत नीट म्हणाली,
पाचाला अडखळली
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जणू खोडरबर मागतेय.
शहाण्णव.
वर्गात पहिली.
वहीला कव्हर माशांच्या डब्यांच्या लेबलांचं,
आई कारखान्यात होती ना.
आत प्रत्येक चूक फूटपट्टी लावून खोडलेली,
खाली तेच गणित पुन्हा,
त्याखाली परत एकदा.

मुख्याध्यापक म्हणाले, आउस्माबाई,
तुमचं यंत्र बिघडलंय का?
मी म्हटलं, यंत्र ठीक आहे,
तुम्ही तराजूवर ताप मोजताय.
उत्तर झकास होतं. खरं होतं का, कोण जाणे.
त्या रात्री ट्रामच्या थांब्यावर
समुद्राचा वारा कानात शिरत होता
आणि मी दोन्ही आकडे
उलटे म्हणून पाहत होते.

राइवो पुढे बंदरात क्रेन चालवायचा म्हणे.
झिंत्राचं एकदा नाताळचं कार्ड आलं,
त्यात एक शब्द
फूटपट्टीने खोडून पुन्हा लिहिला होता.

परवा स्वयंपाकघरात माझा तोल गेला.
दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण
समोर बसली, कागद सरकवला,
घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
काढलं.
उलटे आकडे म्हणा.
चौथ्यालाच जीभ वळेना.
मी म्हटलं, अगं पोरी, ही परीक्षा मला लागू नाही,
हीच उत्तरं मी चाळीस वर्षं तपासली आहेत.
ती हसली, लिहीत राहिली.

संत्रं आणि केळं, म्हणाली, दोघांत सारखं काय?

फळं. हे मला ठाऊक होतं.
अजून आहे.

म्हटलं, आमच्या दुकानात मिळत नाहीत.

तिचं पेन थांबलं.
मग तिने शून्य काढलं, गोल, सुबक.
तिच्या मांडीवर रुमाल नव्हता,
भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक
मला सगळी ऐकू येत होती.