सावलीची झेरॉक्स

जुलै. गावात माणसं तीन हजार, खिडक्या चाळीस हजार,
बहुतेकींच्या झडपा उन्हाळ्यापर्यंत बंद.
नगररचना विभाग म्हणजे पालिकेच्या जिन्याखालच्या दोन खोल्या,
एक फुरफुरणारी गॅसची शेगडी
आणि सुलेमा एचेवेरी, जिच्या निवृत्तीला नऊ महिने उरलेत,
जी मला अजून 'युनिव्हर्सिटीतली पोरगी' म्हणते.

पहिला आठवडा मी नकाशांच्या घड्या घातल्या.
शिक्का बाहेरच्या अंगाला यायला हवा,
एवढं जमायलाच चार दिवस गेले.
मग बाल्कन्या मोजल्या, फूटपाथवर किती डोकावतात त्या.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं अटलांटिकच्या वाऱ्याच्या.

मग चौदा मजली टॉवरची फाइल आली.
सुलेमा म्हणाली, याची सावली काढ.
जानेवारी, संध्याकाळचे पाच.
उंची, सूर्याचा कोन, कॅल्क्युलेटर,
आणि मऊ पेन्सिलीनं मी वाळूवर
अजून न बांधलेल्या भिंतीचा काळोख भरत गेले.
बोटांचं शिसं येर्बाच्या पेल्याला लागलं.

गुरुवारी फर्मिन ओयार्साबाल आला. तंबूवाला.
तीस उन्हाळे, सहा रांगा, निळे-पांढरे पट्टे.
हिवाळाभर फाटलेलं कापड शिवत बसतो,
अंगठा सुईनं चाळणी झालेला.
टोपी काखेत धरून नकाशावर वाकला.
"माझ्यात कुठवर येते?"
चौथ्या रांगेपर्यंत, मी म्हटलं. साडेपाचला पाचवी.
वाद नाही, आरडाओरडा नाही,
टॉवर कुणाचा, तेही विचारलं नाही त्यानं.
सावलीची कड फक्त बोटानं चाचपली,
शिवण कुठं उसवलीय का बघावं तशी.
"याची एक झेरॉक्स मिळेल?"

नियमात बसत नव्हतं.
सुलेमा उठून खिडकीपाशी गेली
आणि बाहेर काही नसताना बराच वेळ बघत राहिली.
मी काढून दिली.
यंत्रानं माझ्या राखाडीचं काळंठिक्कर करून टाकलं,
चार रांगा गडपच.

किती झाले? काही नाही.
त्यानं कागदाची घडी घातली, एका दमात,
शिक्का बाहेरच्या अंगाला.

बैठक ऑगस्टमध्ये आहे. मी तोवर नसेन.
काल सुटल्यावर किनाऱ्यावर गेले,
पावलांनी चौथी रांग शोधायला.
ओली वाळू, कुणाचंसं कुत्रं, सहालाच मिट्ट अंधार.
आणि तेव्हा सुचलं,
रांगा समुद्राकडून मोजतो तो की रस्त्याकडून,
हे मी विचारलंच नव्हतं.