चार फ्रँकची स्प्रिंग

नळीचा आधी घसा झिजतो.
गोळी सुटते तिथली दोन बोटं जागा.
तोंडाशी नळी अजून आरसा,
आणि आत, जिथे कुणी डोकावत नाही,
आटलेल्या तळ्यासारख्या भेगा.

हे मला उर्सिनानं शिकवलं.
हाताला तेल लागल्याशिवाय ती बोलायची नाही.
आता तिच्या बाकावर शनिवारी मी बसते,
गावच्या नेमबाजीच्या छपराखाली.
समोर तीनशे मीटरवर सहा पाट्या,
पाट्यांमागे चढ, चढावर गाई.
गाईंना सवय आहे.
फैर झाडली तरी एकही घंटा हलत नाही.

रायफली सगळ्या लष्करातून सुटलेल्या,
सलग फैरींची कळ काढून घेतलेल्या.
आता एका दाबाला एक गोळी,
पण मधलं सगळं तीच करते अजून:
मागे जाते, रिकामी पुंगळी फेकते,
पुढे येते, दुसरी गोळी तोंडात धरते,
पापणी लवायच्या आत.
झिजते ती या येण्याजाण्यातच.

वहीत प्रत्येकीचं एक पान.
आठ हजार फैरी: एक्स्ट्रॅक्टरची नखी बोथट, बदलली.
अकरा हजार: फायरिंग पिनच्या टोकाला खड्डा.
साडेसोळा: रोलरची जोडी, एक माप मोठी.
कुणी म्हणालं, पुंगळ्या हल्ली
शेजारच्याच्या टोपीवर जाऊन पडतात,
की मी न उघडताच लिहिते: स्प्रिंग.

गिएरी काथोमास मे महिन्यात आला.
चौतीस वर्षं रोपवेचे दोर तपासलेला माणूस,
तुटलेली एक तार हातमोजा घालूनही ओळखायचा.
म्हणाला, डावीकडे जाते. खाली, डावीकडे.
मी सगळी खोलली.
पत्तीमाप फटीत बसलं जसं बसायला हवं तसं,
नखी धारदार, घसा वयाच्या मानानं बरा.
वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या मी स्वतः झाडल्या.
पाचही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली असती.

तो खुर्चीत बसून होता,
उजवा हात डाव्या हातानं धरून.
मी म्हटलं, स्प्रिंग ढिली झालीय.
नवी घातली. चार फ्रँक.
वहीत लिहिलं, तारीख घातली.
तो म्हणाला, जुनी मला द्या.

पुढच्या शनिवारी त्यानं बाकावर फडकं पसरलं,
दोन्ही स्प्रिंगा शेजारीशेजारी निजवल्या.
नवी जुनीपेक्षा केसभर लांब.
तेवढी असतेच,
ते त्यालाही माहीत, मलाही.
मी तेलाची बाटली उगाच हलवली.
तो म्हणाला, वही काढ.

मला वाटलं, रागावेल.
त्यानं खिशातून पेन्सिल काढली,
जिभेला लावली, ही त्या पिढीची खोड,
आणि माझ्या ओळीखाली, थरथरत्या अक्षरात:
स्प्रिंग ठीक होती.
नेमबाज: एकोणऐंशी वर्षं. सुटे भाग मिळत नाहीत.

वहीत खोटं नको, म्हणाला,
उद्या ही रायफल कुणाकडे तरी जाईल,
तो हे पान वाचून स्प्रिंगेवर विसंबेल.
दोराचं असंच असतं.
आमच्याकडे एकानं एकदा न पाहताच सही केली होती.
पुढचं त्यानं सांगितलं नाही.

मग चार फ्रँक परत मागितले.
मी डब्यातून मोजून दिले.
दुसऱ्या क्रमांकाच्या चटईवर तो आडवा झाला,
गुडघे आधी, मग कोपर, मग उरलेला सगळा.
बराच वेळ काही झालं नाही.
मी दुर्बीण लावून थांबले.
खाली, डावीकडे.
पाच मिनिटांनी दुसरी.
खाली, डावीकडे, पहिलीच्या अगदी शेजारी.
मला क्षणभर वाटलं, ओरडून सांगावं,
गट तरी छान आलाय.
पुंगळी माझ्या पायाशी आली, अजून गरम.