पोटाखालून

"मावशी, तुम्ही खाली थांबा, झाडाखाली,"
तौसिफ शिकलगार म्हणाला.
शोरूमचा पांढरा शर्ट, बुटांवर आधीच लाल धूळ.
मी म्हटलं, नाही, मागं बसते.
पट्टा लावला. पदर खोचला.

बाजारभोगावची डांबरी सोडली तेव्हा
उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या गेल्या,
मग विजेचा शेवटचा खांब,
मग नुसता जांभा.
बंद पडलेली खाण. वड्या पाडून
अर्धा खाल्लेला डोंगर,
आणि ताट तसंच टाकून कुणी उठून गेलेलं.

स्टेअरिंगला संयोगिता, माझी भाची.
क्रशरचा हिशोब बघते. पैसे तिचे, हप्ताही तिचाच.
तौसिफ पुढं उलट्या पावली चालतोय, दोन्ही हात वर,
"डावं घ्या ताई. अजून. अजून वाईच. बास."
गिअर लो मध्ये.
गाभण म्हैस ओढ्यात उतरावी
तशी गाडी एकेक पाय चाचपून टाकते.

तिसऱ्या पायरीवर पुढचं उजवं चाक उचललं गेलं.
रिकामं फिरलं, हवेत.
माझ्या बाजूच्या काचेत नुसतं आभाळ.
"मावशी, धर!" संयू ओरडली.
काय धरू, ते नाही सांगितलं.

आणि पोटाखालून
ठण्ण.

त्या दोघांनी दात आवळले.
तौसिफ वाकून बघायला लागला, चेहरा उतरलेला.
मी काच खाली केली.
"चिरलं नाही रे. चिरलेलं बीड बद्द बोलतं."
"तुम्हाला काय ठाऊक?"

तेवीस वर्षं. गोकुळ शिरगाव, कोअर शॉप.
पावण्यारावळ्यांत कुणी विचारायचं, कारखान्यात काय करतेस गं?
मी सांगायची, पोकळी करते.
हसायचे.
पण आम्ही आठजणी तेच करायचो.
वाळूत राळ मिसळायची, पेटीत ठासायची, भाजायची,
पोटात फुगलेला गाभा तान्ह्यासारखा
दोन्ही तळव्यांवर साच्यापाशी न्यायचा.
त्याच्याभोवती बीड ओतायचे.
निवलं की हातोडीनं आमची वाळू फोडायची,
खराट्यानं ढिगावर लोटायची.
आमच्या हातचं काही राहायचं नाही.
राहायची ती जागा,
जिथं दुसरं कुणी दातेरी चाकं बसवणार, तेल भरणार,
झाकण लावून टाकणार.
ते फिरताना कसं वाटतं, हे मला
त्या दगडावर कळलं, बासष्टाव्या वर्षी,
पाठीच्या मणक्यातनं.

वरच्या सपाटीवर तौसिफ टॉर्च घेऊन खाली शिरला.
मीही शिरले.
"मावशी, साडी!"
असू दे की साडी.
वर काळं, गरम, थोडं ओशट.
हनुवटीवर ताजा ओरखडा, रुपयाच्या नाण्याएवढा, चकचकीत.
बोटानं चाचपत गेले कडेकडेनं, खूण शोधत.
आमच्या कारखान्याची खूण म्हणजे त्रिकोणात तीन टिंबं.

चौकोन लागला.
चौकोनात एक आकडा.
म्हणजे दुसरीकडचं. कुठलं, कुणास ठाऊक.
मी पुन्हा चाचपलं,
चूक आपलीच असेल म्हणून.
चौकोनच.

थोडा वेळ तशीच पडून राहिले.
पाठीला जांभ्याची भोकं टोचत होती,
वर कुणा दुसरीची पोकळी
हळूहळू निवत, टिक, टिक, टिक.
तिलाही खराटा असेल. तिचीही कंबर जात असेल
दिवाळीच्या सुमाराला, डबल पाळीत.

"घ्यायची का मग?" बाहेरून संयू.
"रंग दुसरा मिळेल ताई," तौसिफ.
मी कोपरांवर सरकत बाहेर आले,
केसांत धूळ, हाताला तेल.
म्हटलं, रंगाचं नंतर.
आधी त्याच दगडावरनं
एकदा उलटी ने.