सांदवाडीतल्या दोन वेली

न्हाणीच्या पाण्यावर दोन वेली निघाल्या,
मी पेरल्या नव्हत्या.
दोन्हींची पानं पत्त्यांतल्या बदामासारखी.
पोपटाचा मांडव गिळून
त्या शेवग्याच्या गळ्याशी पोचल्या.

"काटोल असन," गुंफाबाई म्हणाली,
काटोलाचं पान तिला ठाऊक असून.
कवडूच्या बकरीनं एकीला तोंड लावलं,
दुसरी नुसती हुंगली.
कृषी सहायकानं फोटो काढला :
"फूल येऊ द्या, मग सांगतो."
तवरिक शेवगा राह्यला पाह्यजे ना, बाप्पा!

विळ्यानं दोन्ही कापल्या,
वेटोळी करून कुंपणाच्या तारेवर टाकल्या.
वाळल्या की चुलीत.

एकीचा चौथ्या दिवशी चुरा.
दुसरी आश्विनाच्या उन्हात लोंबत राहिली.
खांडेनवमीला तोच विळा धुवायला गेले
तर तारेवरच तिला हिरवा डोळा फुटलेला,
आणि दोऱ्याएवढं एक मूळ
हवेतून खाली, माती चाचपत.

"गुळवेल हाये थे," आता सगळेच म्हणाले.
कडूनिंबाखाली नेऊन लावली.

पहिलीचं नाव राहूनच गेलं.
उपटताना तिचं मूळ तुटलं होतं
सांबाराच्या वाफ्याखाली कुठंतरी.
आज तिथं दोन पानं आहेत.
बदाम.