तीन रात्रींचं दावं

बहिणीच्या गावाच्या अलीकडे, टेकडीच्या खांद्यावर
शेळ्या बांधल्यात. अकरा.
मुलगा म्हणतो, आई, घर दिसतंय,
चुलीचा धूर दिसतोय, चल की.
मी म्हणते, तीन रात्री.

यांच्या पोटात आमचं गाव आहे.

ते झाड मीच लावलंय. खोटं कशाला बोलू.
दुसरीत होते. मारिगाटहून गाडी आली,
काळ्या पिशव्यांत बोटभर रोपं.
वाळवंट येतंय म्हणाले, हे त्याला अडवेल.
रोपामागे एक माप मका.
चाळीस लावली मी. हात लहान, खड्डेही लहान.
वाळवंट आम्ही कुणी पाहिलं नव्हतं,
मका पाहिला होता.

इथे मथेंगे म्हणतात. वेडी बाभूळच ती,
पण वेडी कसली?
पहिली काही वर्षं नुसती उभी होती
उंबऱ्याशी अवघडलेल्या पाहुण्यासारखी.
मग कालवा लांबवला,
ती पाण्याच्या कडेकडेने चालत गेली.
सडकेसाठी माती उकरली, त्या मातीवर बसून पुढे.
लेसियानचा मक्याचा तुकडा,
तो नैरोबीला चौकीदार झाला आणि तुकडा पडीक,
दोन पावसांत तिथे माणूस शिरेना.
आणि कुरण? ते तर आम्हीच
चारून चारून मातीला लावलं होतं.
जिथे जिथे आम्ही जमीन मोडली
तिथे तिथे ती आली. बिनचूक.

शेंगा गोड. या म्हातारीला विचारा,
हिच्या गळ्यात घंटा आहे, तोंडात दात नाहीत.
गोड खाऊन किडले, जबडा एका अंगाला वाकला,
हसू दाबून धरल्यासारखा.
पाला चघळते, अर्धा बाहेर सांडतो.
बी मात्र सुखरूप,
पोटातून तावून सुलाखून निघतं,
लेंडीची दुलई पांघरून.

तोडली तर बुडातून सात फुटतात.
तरी मुलगा तोडतो, कोळसा पाडतो.
त्याच्या बहिणीची फी त्यातूनच गेली,
तेव्हा शिव्याही मला पुरत्या देता येत नाहीत.
पोती ट्रकमध्ये चढतात.
घाटात चहाला थांबला की ड्रायव्हर ताडपत्री झटकतो.

गेल्या खेपेला बहिणीने पायाने दाखवलं होतं,
हे कोवळं काय गं? पानं किती नाजूक!
मी उपटलं. वर वीतभर, खाली हातभर.
बोलले काहीच नाही.
तिच्याकडे अजून गुडघ्याएवढं गवत आहे.

रोज सकाळी लेंड्या वेचते, वर काटक्या रचते, जाळते.
मुलगा हसतो:
सडक येतेय इथून, दगडांवर पिवळ्या खुणा बघ,
तू काय अकरा शेळ्या अडवतेस?
बघितल्यात खुणा.
मी दुसरी काटकी ठेवते.

चौथ्या दिवशी दावी सोडली.
म्हातारी घंटा वाजवत पुढे, बाकीच्या मागे,
त्यांच्यामागे पोरगं, उड्या मारत.
मी निघाले, तर तळव्याला काही टोचलं.

आमच्या चपला टायरच्या असतात.
जुन्या ट्रकचं टायर, कापून, पट्टे ठोकून.
नक्षी अजून खोल आहे.
उजव्या चपलेच्या खाचेत काटा, त्यामागे चिखल,
चिखलात शेंगेचं पेर,
पेरात एक बी, झोपलेलं.

खालून बहीण हाक मारते, नासिएकु!
लवकर आलेली, असा अर्थ आहे माझ्या नावाचा.

काडीने खाचा कोरते आहे.
थांब गं, म्हटलं,
डावी अजून राहिलीय.